इसार देण्यापूर्वी

आपल्या समाजातील शिकलेला, नोकरीला लागलेला माणूस आता घर विकत घेऊ लागला आहे. शिक्षक, परिचारिका, एस.टी.चा वाहक, बँकेतला शिपाई, महानगरपालिकेतला सफाई कामगार, कोणाच्याही घरी गेले तरी प्लॉट बघितला, फ्लॅट बघितला, हेच बोलणे असते. सामाजिक विचाराला वाहिलेल्या त्रैमासिकात या विषयाचे प्रयोजन काय, असे एखाद्या वाचकाला वाटेल. प्रयोजन असे की, आयुष्यभराची कमाई एका कागदावर लावण्याचा हा व्यवहार आहे आणि या व्यवहारात आपली माणसे फार फसतात. ती भोळी आहेत म्हणून फसतात असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. त्यांना फसण्याच्या जागेपर्यंत ढकलत नेणारी एक व्यवस्था आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय नुसता 'कागदपत्रे तपासून घ्या' हा उपदेश वांझ ठरतो.

ज्या घराण्यात चार पिढ्या जमीन आहे, तिथे कोणी तरी मामा, काका, चुलता कागद वाचणारा असतोच. बांधाच्या भांडणात तो तलाठ्याकडे गेलेला असतो, कोर्टाची पायरी चढलेला असतो. पोर जेवता जेवता 'फेरफार', 'बोजा', 'हरकत' हे शब्द ऐकत वाढते. आपली वस्ती गावकुसाबाहेर. घर होते, पण घराचा कागद नव्हता. जागा कोणाची, हे विचारण्याचीही सोय नव्हती. मी माझ्या घरातला पहिला पदवीधर. बी.ए. आणि एम.ए.च्या पाच वर्षांत मला सातबारा कोणी दाखवला नाही, आणि माझ्या वर्गातल्या मुलांनाही तो आज कोणी दाखवत नाही. ही निरक्षरता पदव्यांनी जात नाही.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. शहरातल्या स्वच्छ कागदाच्या वसाहतीत आपला माणूस जागा बघायला गेला की आधी आडनाव विचारले जाते. आडनावावरून उलगडा झाला नाही तर 'मूळ गाव कोणतं?', 'खाणंपिणं कसं?' असे प्रश्न येतात. मग 'कालच इसार झाला हो' असे उत्तर मिळते. दोन-तीन ठिकाणी हे झाले की माणूस शहराच्या कडेला जातो. तिथे शेत पाडून गुंठ्या-गुंठ्याने विकणारा बसलेला असतो. तो चहा पाजतो, 'जय भीम' म्हणतो, हप्त्याने पैसे घेतो आणि जात विचारत नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी आपला माणूस त्याच्यावर जन्माचा विश्वास टाकतो. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या भोवती ज्या गुंठेवारी वसाहती उभ्या राहिल्या, त्यांत आपली किती घरे आहेत हे फिरून पाहिले तर ध्यानात येईल. पुणे, नाशिक, सांगली, सोलापूर कुठेही चित्र फारसे वेगळे नाही.

तर गुंठेवारीपासूनच सुरुवात करू. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. शेतजमिनीचे बारीक तुकडे पाडून विकण्यावर १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने बंधन घातले. शेत अकृषिक करून, रेखांकन मंजूर करून, रस्ते आणि मोकळी जागा सोडून प्लॉट पाडले तर ते कायदेशीर. पण त्यात पैसा आणि वेळ जातो, म्हणून विकणारा ते टाळतो. अशा तुकड्याची नोंदणी दुय्यम निबंधकाकडे होत नसे, म्हणून व्यवहार 'बाँडवर' होतो. शंभराचा स्टॅम्प (ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा), त्यावर टंकलेला मजकूर, दोन साक्षीदार आणि नोटरीचा लाल शिक्का. तो शिक्का पाहून आपल्या माणसाला वाटते, सरकारी मोहोर लागली. नोटरी फक्त एवढेच सांगतो की सही करणारा माणूस माझ्यासमोर आला होता. जमीन त्याची आहे की नाही, याच्याशी नोटरीला कर्तव्य नसते. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीची स्थावर मिळकत नोंदणी केलेल्या खरेदीखताशिवाय विकत मिळत नाही, हा नियम मालमत्ता हस्तांतरण कायद्यात १८८२ पासून आहे. मुखत्यारपत्र, साठेखत आणि मृत्युपत्र असे तीन कागद हातात देऊन जमीन 'विकण्याची' जी पद्धत पडली होती, तिने मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट सांगितले आहे.

माझ्या ओळखीतल्या एका निवृत्त वाहकाने उपदानाच्या पैशांतून असे दोन गुंठे घेतले. बाँड झाला, पत्र्याची खोली झाली, ग्रामपंचायतीची घरपट्टीही सुरू झाली. पाच वर्षांनी विकणारा वारला. त्याची मुले म्हणाली, आम्हाला काही माहीत नाही, सातबारा आमच्या नावावर आहे. पोलीस म्हणाले, हे दिवाणी प्रकरण आहे. वाहकाच्या हाती घरपट्टीच्या पावत्या होत्या. पण ग्रामपंचायतीचा नमुना आठ म्हणजे कर कोणाकडून घ्यायचा याची यादी. तो मालकीचा कागद नव्हे. वीजबिलाचेही तेच. ताब्याचा पुरावा म्हणून हे कागद जपून ठेवावेत, पण त्यांच्या भरवशावर पैसे देऊ नयेत.

यातून सुटकेची एक वाट कायद्याने ठेवली आहे. २००१ च्या महाराष्ट्र गुंठेवारी कायद्याने जुनी बांधकामे शुल्क घेऊन नियमित करण्याची सोय केली आणि २०२१ च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू झाली. २०२५ साली शहरी क्षेत्रापुरत्या तुकडेबंदीच्या अटीही सैल झाल्या. ज्यांचे घर आधीच अशा जागेवर आहे त्यांनी महानगरपालिकेत किंवा नगरपरिषदेत जाऊन प्रकरण दाखल करावे, टाळाटाळ करू नये. पण नव्याने घेणाऱ्याने 'पुढे नियमित होईल' या आश्वासनावर दमडीही देऊ नये. विकास आराखड्यात त्या जागेवर रस्ता, शाळा किंवा बगीचा यांचे आरक्षण असेल तर घर नियमित होत नाही. नगररचना कार्यालयातून झोन दाखला आणि भाग नकाशा मागवला की हे कळते. खर्च किरकोळ असतो. 'सातबाऱ्यावर नाव लावून देतो' असे सांगणारेही भेटतात. त्यात दहा-अकरा अनोळखी माणसांची नावे एका सातबाऱ्यावर सामाईक लागतात आणि तुमचा तुकडा कोणता हे कागद कधीच सांगत नाही.

आता सातबारा वाचण्याविषयी. आधी हे पक्के ध्यानात घ्यावे की सातबारा हा महसुली अभिलेख आहे. सरकारने सारा कोणाकडून घ्यावा आणि जमीन कोण कसतो, हे तो सांगतो. त्यावरची नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, पण नोंद म्हणजे मालकी नव्हे. वाचताना नजर सहसा मालकाच्या नावावर जाते. ती उजवीकडच्या 'इतर अधिकार' या रकान्यावर जायला हवी. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, न्यायालयाचा मनाई हुकूम, पुनर्वसनासाठी हस्तांतरणास बंदी, असे सगळे काटे तिथे असतात. नंतर फेरफार क्रमांक पाहावेत. प्रत्येक क्रमांकामागे एक गोष्ट असते: कोण मेला, वारस कोण लागले, कोणी कोणाला विकले. किमान तीस वर्षांचे फेरफार काढून ही गोष्ट सलग लागते का ते पाहावे. वारसाच्या फेरफारात फक्त मुलांची नावे आणि मुलींचा उल्लेखच नाही, असे पुष्कळदा आढळते. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो आणखी पक्का केला. तेव्हा विकणाऱ्याला विचारावे, बहिणी किती? त्यांच्या सह्या खरेदीखतावर घ्याव्यात. 'त्या काही मागत नाहीत' या उत्तरावर थांबू नये. त्यांनी मागावे की नाही हा त्यांचा प्रश्न आहे.

भोगवटादार वर्ग १ आणि वर्ग २ हा भेद मात्र आपल्याला दुहेरी लागू आहे. वर्ग १ ची जमीन मालक विकू शकतो. वर्ग २ ची जमीन शासनाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. या वर्ग २ मध्ये महार वतनाच्या जमिनी येतात. गावकीच्या राबणुकीच्या बदल्यात आपल्या पूर्वजांच्या नावे लागलेल्या या जमिनी. त्या वतनाने माणसाला गावाचा वेठबिगार करून ठेवले होते, म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. वतने गेली ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९५८ च्या कनिष्ठ गावकामगार वतने निर्मूलन कायद्याने. साऱ्याच्या तिप्पट रक्कम भरून घेऊन जमिनी त्याच कुटुंबांना परत दिल्या गेल्या, पण जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता किंवा वाटता येणार नाहीत या शर्तीवर. हेतू चांगला होता: गरिबाच्या हातून जमीन निसटू नये. झाले काय? शहरे वाढत त्या शेतांपर्यंत आली आणि दलाल वारसांच्या दारात आले. एका म्हाताऱ्याला थोडे पैसे देऊन कुलमुखत्यारपत्रावर अंगठा घ्यायचा आणि पुढचे सगळे त्या कागदावर करायचे. २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या मुंढव्यातील वतनी जमिनीच्या विक्रीवरून गदारोळ झाला तेव्हा वर्तमानपत्रांना हा शब्द नव्याने कळला. आपल्याला तो जन्मापासून माहीत आहे.

म्हणून इथे दोन सूचना. पहिली घेणाऱ्याला. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २', 'नवीन शर्त', 'वतन' किंवा 'इनाम वर्ग ६ ब' यांपैकी काहीही दिसले तर जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीचा मूळ आदेश पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. आजच्या संगणकीय उताऱ्यावर वर्ग १ दिसत असला तरी जुने हस्तलिखित उतारे आणि १९६० च्या आसपासचे फेरफार काढून पाहावेत, कारण शर्तीची नोंद मध्येच गळालेली सापडते. परवानगी नसेल तर व्यवहार रद्द होऊन जमीन शासनजमा होऊ शकते. त्या वेळी विकणारा सापडत नाही आणि घर तुमचे असते. दुसरी सूचना ज्यांच्या आज्या-पणज्याचे नाव अशा उताऱ्यावर आहे त्यांना. गावातल्या आपल्या जमिनीचा उतारा या सुट्टीत काढा. घरातल्या वडीलधाऱ्यांनी कोणत्या कागदावर अंगठा दिला आहे का, ते विचारा. आपल्या आज्याच्या वतनावर दुसऱ्याने इमारत बांधावी आणि तिथला फ्लॅट घ्यायला नातवाने वीस वर्षांचे कर्ज काढावे, असेही चालले आहे. आदिवासींच्या जमिनीबद्दल तर महसूल संहितेच्या कलम ३६ अ ची बंदी याहून कडक आहे. ती जमीन स्वस्त मिळते म्हणून बिगरआदिवासीने, आपणही, घेऊ नये. कायद्याचे भय बाजूला ठेवले तरी घेऊ नये.

पैशांविषयी थोडक्यात. इसार रोख देऊ नये. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार किंवा अधिक रक्कम रोख घेणे आयकर कायद्याला मंजूर नाही. विकणारा म्हणतो, 'निम्मे पांढरे, निम्मे काळे, तुमचाच स्टॅम्प वाचेल.' स्टॅम्प वाचत नाही, कारण मुद्रांक शुल्क करारातली किंमत किंवा शासकीय बाजारमूल्य यांपैकी जे जास्त त्यावर लागते. उलट व्यवहार फिसकटला तर कागदावर आहे तेवढेच परत मागता येते. दुसरे, राष्ट्रीयीकृत बँकेकडे कर्जाचा अर्ज जरूर करावा, कर्जाची गरज कमी असली तरी. बँकेचा वकील शोध अहवाल काढतो. दोन बँकांनी एखाद्या जागेवर कर्ज नाकारले तर विकणारा कितीही गोड बोलो, तिथून उठावे. 'बँकेची कटकट कशाला, आमची ओळखीची पतसंस्था देते' असे जो म्हणतो, त्याला बँक का नको आहे हे उघड आहे. बँकेने कर्ज दिले म्हणजे सगळे निर्वेध, असेही मात्र नाही. वकील बँकेचा असतो, म्हणून आपला वेगळा लावावा. हप्त्याचे गणित स्वतः करावे. २० लाख रुपये ८.५ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले तर महिन्याला सुमारे १७,३५० रुपये हप्ता बसतो आणि एकूण फेड ४१ लाख ६५ हजारांच्या घरात जाते. गावाकडे आईवडील, धाकट्या भावंडांचे शिक्षण, बहिणीचे बाळंतपण हे आपल्या पगारावर असलेले न लिहिलेले हप्ते बँक धरत नाही. ते आपण धरावेत. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीपूर्व फेडीचा दंड बँकेला लावता येत नाही. थकबाकी हाती आली की त्यात भरावी.

नवा फ्लॅट घेणाऱ्याला २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचा आधार आहे. राज्यात महारेरा मे २०१७ पासून काम करते. पाचशे चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावरचा किंवा आठहून अधिक सदनिकांचा प्रकल्प तिथे नोंदवावाच लागतो. नोंदणी क्रमांकावरून मंजूर नकाशे, जमिनीवरचे कर्ज, चालू खटले सगळे संकेतस्थळावर पाहता येते. करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरला घेता येत नाही. किंमत कार्पेट क्षेत्रावर ठरते, 'सुपर बिल्टअप' हा शब्द ऐकूनच घेऊ नये. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीत राहायला जाऊ नये.

आता सोसायटीचा प्रश्न, ज्यावर आपण खासगीत कुढतो आणि उघड बोलत नाही. १९१७ साली बडोद्यात, परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना लाठ्या घेऊन आलेल्या माणसांनी बाहेर काढले. पुढे त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले आणि तिथे ग्रंथ ठेवले. आज लाठ्या नाहीत. आज 'सोसायटीचा नियम' आहे. काही नियमांना न्यायालयाचाही आधार मिळाला. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा सभासदत्व पारशांपुरते ठेवणारा पोटनियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ग्राह्य धरला. एका अल्पसंख्य समाजाला दिलेली ही मुभा इतर किती जण सोयीने वापरू शकतात, याचा विचार आपल्या वकील मित्रांनी करायला हवा.

तरीही नेहमीच्या सोसायटीपुढे आपण निःशस्त्र नाही. जुना फ्लॅट विकत घ्यायला सोसायटीचे ना-हरकत पत्र कायद्याने आवश्यक नाही. विकणारा मालक आहे, त्याने करार करायचा. म्हणून विकणाऱ्याशी बोलणे झाले की इसार धनादेशाने देऊन करार लवकर नोंदवावा, कारण दबाव येतो तो या मधल्या दिवसांत. मग सभासदत्वाचा अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. पोच देत नसतील तर नोंदणीकृत टपालाने पाठवावा. सहकार कायद्याप्रमाणे तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद झाला असे मानले जाते. नकार दिला तर कारण लेखी द्यावे लागते आणि निबंधकाकडे अपील करता येते. हस्तांतरणाचे अधिमूल्य महानगरपालिका क्षेत्रात पंचवीस हजारांहून अधिक घेता येत नाही. लाखाची 'देणगी' मागितली तर लेखी मागा असे सांगावे.

आणि खुद्द जातीच्या कारणाने नकार आला तर १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याचे कलम ४ वाचावे. कोणत्याही वस्तीत राहते घर बांधणे, मिळवणे किंवा त्यात राहणे यांत अस्पृश्यतेच्या कारणाने आडकाठी करणे हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने. दंड शंभर ते पाचशे रुपये. आजच्या बाजारात त्यात एक पोते सिमेंट येईल. बहिष्कार टाकला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. अडचण पुराव्याची येते. नकार तोंडी असतो आणि गोड शब्दांत असतो. म्हणून बोलणे शक्यतो संदेशातून करावे आणि संदेश पुसू नयेत. प्रत्येकाने न्यायालयात जावे असे मी म्हणणार नाही. घर हवे असलेल्या माणसाला झोपही हवी असते. पण नकारांची नोंद ठेवणारी एक वही प्रत्येक शहरातल्या आपल्या संघटनेजवळ असावी. एकट्याचा अनुभव 'गैरसमज' म्हणून झटकता येतो. एकाच इमारतीबद्दलचे पाच अनुभव झटकता येत नाहीत.

आपल्याच वस्तीत घर घ्यावे की बाहेर, यावर आपल्याकडे कडाक्याचे वाद होतात आणि बाहेर जाणाऱ्याला 'दलित ब्राह्मण' म्हणून हिणवले जाते. मला हे हिणवणे मान्य नाही. माणसाने परवडेल तिथे, मनाला वाटेल तिथे राहावे. मात्र बाहेर घर घेतलेल्या माणसाने दारावरची पाटी आणि भिंतीवरचा फोटो लपवू नये. लपवून मिळालेले शेजारपण कळल्या दिवशी संपते.

शासकीय वाटाही आहेत. म्हाडाच्या सोडतीत अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी ११ टक्के सदनिका असतात. जातीचा दाखला आधीच काढून ठेवावा. ग्रामीण भागात रमाई आवास योजना आहे, पण तिला स्वतःच्या जागेचा कागद लागतो, म्हणजे जिथे कागद नाही तिथेच घरकुल अडते. गावातल्या कार्यकर्त्यांनी घरकुलाच्या यादीआधी जागेच्या नोंदी हाती घ्याव्यात.

शेवटी खरेदीखतावर नाव कोणाचे? राहते घर स्त्रीच्या एकटीच्या नावे घेतले तर महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. तीस लाखांच्या घरावर तीस हजार वाचतात. सवलतीकडे न पाहताही बायकोचे नाव लावावे, निदान दोघांचे. नोंदणी शुल्क एक टक्का, अधिकाधिक तीस हजार. नोंदणी झाली की सूची दोनची प्रत घ्यावी आणि तिथेच न थांबता फेरफारासाठी तलाठ्याकडे, सिटी सर्व्हे असेल तर मिळकत पत्रिकेसाठी भूमापन कार्यालयात अर्ज द्यावा. हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते. ती संपल्यावर मंडळ अधिकाऱ्याची सही झालेला नवा उतारा काढावा, त्यावर नावाची अक्षरे आणि क्षेत्र तपासावे आणि चूक असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज टाकावा.